घोड्याच्या रक्तातील सबस्टन्स पी आणि बीटा-एन्डॉर्फिन मोजताना: एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

इंदूरमध्ये पशुवैद्यक शास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तिने वरातीसाठी पाळलेल्या बारा घोड्यांचे रक्त घेतले. त्यांपैकी सहा पुढच्या पायाने लंगडत होत्या आणि सहा निरोगी होत्या. रक्त साध्या नळीत गोठू दिले, सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारा द्रव) काढून घेतले, विभागातील नेहमीच्या फ्रीझरमध्ये तीन आठवडे ठेवले आणि मग माणूस व उंदीर यांच्यासाठी विकल्या जाणाऱ्या एलायझा (प्रतिपिंडाने, म्हणजे अँटिबॉडीने, पदार्थ ओळखून मोजणाऱ्या) संचाने सबस्टन्स पी व बीटा-एन्डॉर्फिन ही वेदनेशी संबंधित दोन पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, मोजली. सबस्टन्स पीचे आकडे तिने वाचलेल्या शोधनिबंधांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त आले आणि निरोगी घोड्यांपैकी तिघींचे आकडे लंगडणाऱ्यांपेक्षाही वर गेले. एक नमुना पातळ करून पुन्हा मोजला तेव्हा मूळ नमुन्यात १,२०० पिकोग्रॅम प्रति मिली, दुप्पट पातळ केल्यावर गुणून ७६० आणि चौपट पातळ केल्यावर गुणून ४३० असा हिशेब निघाला. आता दुसऱ्या कंपनीचा संच घ्यावा, की नमुने मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर, पाठवावेत, असे तिने विचारले आहे.

माझे उत्तर असे आहे की सध्या यांपैकी काहीच करू नका. तुमच्या आकड्यांतला सर्वांत मौल्यवान भाग म्हणजे शेवटचे तीन आकडे आहेत आणि ते तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी, जवळजवळ संकोचाने लिहिले आहेत. नमुन्यात खरोखर सबस्टन्स पी असते, तर तो कितीही पातळ केला तरी गुणाकारानंतर साधारण तेवढाच आकडा यायला हवा होता. १,२०० वरून ४३० वर येणारा आकडा सांगतो की तुमच्या नळीत सबस्टन्स पी नसलेले काहीतरी सबस्टन्स पीसारखे वाचले जात आहे. संच बदलून ते काहीतरी नाहीसे होणार नाही, आणि ज्या नमुन्यातले पेप्टाइड आधीच तुटून गेले आहे त्यात ते शोधून देणे मास स्पेक्ट्रोमीटरलाही शक्य नाही.

हे असे का होते ते समजण्यासाठी आधी प्रमाणाचा अंदाज घ्या. घोड्याच्या प्लाझ्मात (न गोठलेल्या रक्तातल्या द्रव भागात) एका मिलीलिटरला साधारण ७० मिलिग्रॅम प्रथिने असतात, आणि आपण शोधत असलेले पेप्टाइड काही थोडे पिकोग्रॅम असते. ते ५० पिकोग्रॅम धरले, तर हे गुणोत्तर सुमारे एकास १४० कोटी, म्हणजे साऱ्या भारताच्या लोकसंख्येतून एका माणसाला हुडकण्याइतके होते. त्यातही तो माणूस एकटाच त्या चेहऱ्याचा नसतो. मेट-एन्केफॅलिन, ल्यू-एन्केफॅलिन, बीटा-एन्डॉर्फिन आणि डायनॉर्फिन या साऱ्यांची सुरुवात टायरोसिन, ग्लायसिन, ग्लायसिन, फिनाइलअ‍ॅलॅनिन या चारच अमिनो आम्लांनी होते. सबस्टन्स पीची शेपटीही न्यूरोकायनिन कुळातल्या इतर पेप्टाइडांशी जुळते. आडनाव सगळ्यांचे एकच असल्यावर केवळ आडनाव ओळखणारा प्रतिपिंड घरात नेमके कोण आहे ते सांगू शकत नाही.

सबस्टन्स पीचे आणि घोड्याचे नाते तसे जुने आहे. १९३१ साली लंडनमध्ये उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम यांना हा पदार्थ प्रथम आढळला तो घोड्याच्या आतड्याच्या आणि मेंदूच्या अर्कात. तेव्हा तो एक अनामिक चूर्ण होता. रक्तदाब उतरवणारे आणि आतड्याचे स्नायू आकसवणारे, एवढीच त्याची ओळख होती. त्यातल्या अकरा अमिनो आम्लांचा क्रम कळायला आणखी चाळीस वर्षे जावी लागली. तेव्हा कुठे त्याच्याविरुद्ध विश्वासार्ह प्रतिपिंड तयार करणे आणि त्याचे मापन करणे शक्य झाले. हे सांगण्याचे कारण असे, की घोड्याचे सबस्टन्स पी रचनेने माणसाच्या सबस्टन्स पीसारखेच आहे, त्यामुळे माणसाचा संच वापरला हा तुमचा दोष नव्हे. बीटा-एन्डॉर्फिनच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येत नाही. त्याच्या एकतीस अमिनो आम्लांपैकी काही घोड्यात वेगळी आहेत, आणि संचातला प्रतिपिंड नेमका त्या वेगळ्या जागेवर बसत असेल तर तो घोड्याचे रेणू अर्धवटच ओळखेल. प्रतिपिंड रेणूच्या कोणत्या भागावर बसतो, हे संचाच्या माहितीपत्रकात दिलेले नसेल तर कंपनीला पत्र लिहून विचारा, आणि उत्तर मिळाले नाही तर तो संच या कामासाठी घेऊ नका.

आता तुमच्या नळीकडे येऊ. खरा घोटाळा तिथेच झाला आहे.

रक्त गोठायला अर्धा ते एक तास लागतो. तेवढा वेळ ते तबेल्याच्या तापमानात उभे असते आणि त्यातली पेप्टाइड तोडणारी एन्झाइम पूर्ण जोमात काम करत असतात. एन्केफॅलिनसारखी पाच अमिनो आम्लांची साखळी रक्तात काही मिनिटेच टिकते, कारण अमिनोपेप्टिडेज तिचे पहिले टायरोसिनच छाटून टाकते. सबस्टन्स पीवर अँजिओटेन्सिन रूपांतर करणारे एन्झाइम, नेप्रिलायसिन आणि डायपेप्टिडिल पेप्टिडेज अशी तीन-चार एन्झाइम निरनिराळ्या जागी कात्री चालवतात. म्हणून मज्जातंतूंतल्या अशा पेप्टाइडसाठी, म्हणजे न्यूरोपेप्टाइडसाठी, सीरम हा नमुना मुळातच अयोग्य आहे. ईडीटीए घातलेली, बर्फात आधीच गार केलेली नळी घ्यावी, कारण या एन्झाइमांपैकी पुष्कळांना जस्ताचा अणू लागतो आणि ईडीटीए तो अडकवून ठेवते. त्यात अ‍ॅप्रोटिनिन घालण्याची पद्धत आहे आणि साधारणपणे रक्ताच्या एका मिलीलिटरला ५०० कॅलिक्रीन निरोधक एकके वापरली जातात. पण अ‍ॅप्रोटिनिन घातले म्हणजे पेप्टाइड सुरक्षित झाले, हा समज मी इतक्या प्रबंधांत वाचला आहे की त्याबद्दल चार शब्द लिहिणे भाग आहे. अ‍ॅप्रोटिनिन ट्रिप्सिन आणि कॅलिक्रीन यांच्या गटाला रोखते. अमिनोपेप्टिडेजवर त्याचा परिणाम होत नाही, म्हणजे एन्केफॅलिनचा मुख्य शत्रू मोकळाच राहतो. एन्केफॅलिन मोजायचे असेल तर बेस्टॅटिनसारखा अमिनोपेप्टिडेजचा निरोधक हवा, किंवा प्लाझ्मा वेगळा होताच तो आम्लाने जोरकस आम्लयुक्त करून सारी एन्झाइम एकदमच निष्प्रभ करावीत. मला स्वतःला दुसरा मार्ग अधिक भरवशाचा वाटतो, कारण त्यात कोणते एन्झाइम राहून गेले याचा हिशेब ठेवावा लागत नाही.

बर्फाबद्दल तर इंदूरमध्ये वेगळे सांगायला नको असे वाटते, तरी सांगतो. पूर्वी एकदा मे महिन्यात आम्ही महूकडून नमुने आणत होतो. अंतर पुरते पंचवीस किलोमीटरही नाही. थर्मोकोलच्या डब्यात बर्फाचे खडे भरले होते, पण नळ्या स्टँडला लावून खड्यांच्या वर ठेवल्या होत्या आणि रस्त्यात रेल्वे फाटकावर बराच वेळ गेला. डबा उघडला तेव्हा बर्फ शाबूत होता आणि नळ्या कोमट होत्या. खड्यांच्या मधल्या हवेने नळी गार होत नाही. बर्फाचा चुरा करून त्यात थोडे पाणी घालावे आणि नळी रक्ताच्या पातळीपर्यंत त्या लगद्यात बुडवावी. त्या दिवशीचे सोळा नमुने मी मोजलेच नाहीत. वहीत ‘वगळले’ असे लिहिले आणि त्यापुढे कारणही लिहिले.

घोड्याच्या रक्ताचा एक गुण इथे उपयोगी पडतो. त्याच्या तांबड्या पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकमेकींना चिकटतात आणि फार लवकर तळाशी बसतात, इतक्या लवकर की अर्ध्या तासात वर स्वच्छ पिवळा प्लाझ्मा दिसू लागतो. सेंट्रिफ्यूज जवळ नसेल तर बर्फात उभ्या ठेवलेल्या नळीतून तो वरचा थर हळूच काढून घेता येतो. मात्र गोठवण्यापूर्वी तो गार सेंट्रिफ्यूजमध्ये पुन्हा फिरवलाच पाहिजे, नाहीतर त्यात राहिलेल्या पेशी गोठताना फुटतील आणि त्यांच्या आतली एन्झाइम बाहेर पडतील. प्लाझ्मा गुलाबी दिसला तर तो नमुना बाद समजावा. पिवळा दिसला म्हणून मात्र घाबरू नये. घोड्याचा प्लाझ्मा माणसाच्या तुलनेत पिवळाच असतो आणि घोडा उपाशी असेल तर बिलिरुबिन वाढून तो आणखी पिवळा होतो. रंगावर वाचन करणाऱ्या एलायझात नमुना धुऊन टाकलेला असतो, त्यामुळे याचा फारसा त्रास होत नाही. मात्र कोणती घोडी किती तासांपासून उपाशी होती ही नोंद तरीही ठेवावी.

साठवणुकीसाठी उणे ८० अंशांचा फ्रीझर हवा. बर्फ आपोआप वितळवणारा साधा फ्रीझर दिवसातून अनेकदा थोडा गरम होतो आणि पुन्हा थंड होतो, त्यामुळे तिथे तीन आठवडे ठेवलेला नमुना कितीदा तरी अर्धवट वितळलेला असतो. शिवाय एकाच मोठ्या नळीत सारा प्लाझ्मा ठेवू नये. अर्ध्या मिलीलिटरचे छोटे भाग करावेत, म्हणजे प्रत्येक चाचणीसाठी सारा नमुना वितळवावा लागणार नाही.

इथपर्यंतचे सारे प्रयोगशाळेच्या दाराबाहेरचे झाले. मापनाच्या खऱ्या पद्धतींपैकी सर्वांत जुनी रेडिओइम्युनोअ‍ॅसे आहे. ती रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस इन्सुलिनसाठी उभी केली, आणि यॅलो यांना १९७७ साली त्यासाठी नोबेल पुरस्कार मिळाला. तिचे तत्त्व साध्या स्पर्धेचे आहे. ठरावीक प्रतिपिंडासाठी किरणोत्सारी आयोडीन लावलेले पेप्टाइड आणि नमुन्यातले पेप्टाइड झगडतात, आणि नमुन्यात पेप्टाइड जितके जास्त तितके किरणोत्सारी पेप्टाइड कमी बांधले जाते. आयोडीन टायरोसिनवर चढते, आणि सबस्टन्स पीत टायरोसिन मुळीच नाही, म्हणून त्याच्या आठव्या जागी टायरोसिन बसवलेले एक बनावट रूप वापरावे लागते. म्हणजे स्पर्धक मूळ पेप्टाइडचा जुळा भाऊ नसून चुलत भाऊ असतो. आयोडीन-१२५ चे अर्धआयुष्य सुमारे साठ दिवसांचे असल्याने असा संच दोन-तीन महिन्यांत निकामी होतो, आणि ते वापरायला अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांखालील परवानगी लागते. म्हणून आज आपल्याकडे बहुतेक जण एलायझाकडे वळतात. तिथेही लहान पेप्टाइडसाठी स्पर्धेचेच तत्त्व वापरावे लागते, कारण पाच किंवा अकरा अमिनो आम्लांच्या रेणूवर दोन प्रतिपिंड एकाच वेळी बसायला जागा नसते.

तुमचा १,२०० हा आकडा याच तत्त्वातून जन्मला आहे. स्पर्धेच्या चाचणीत बांधणी कमी झाली की पेप्टाइड जास्त आहे, असे यंत्र वाचते. पण बांधणी इतर कितीतरी कारणांनी कमी होते. नमुन्यात प्रथिने किंवा क्षार जास्त असतील, सामू सरकला असेल, मेद असेल, किंवा नमुन्यातल्या एन्झाइमांनी संचातलेच खूण केलेले पेप्टाइड तोडून टाकले असेल, तरी बांधणी घटते, आणि प्रत्येक वेळी यंत्र तुम्हाला तितकेच निःशंकपणे ‘पेप्टाइड वाढले’ असे सांगते. या शेवटच्या शक्यतेकडे विशेष लक्ष द्या, कारण तिच्यात एक क्रूर विनोद आहे. ज्या नमुन्यात एन्झाइम सर्वांत जोमदार आहेत, म्हणजे ज्यातले खरे पेप्टाइड सर्वांत आधी नष्ट झाले, तोच नमुना सर्वांत मोठा आकडा दाखवू शकतो. तुमच्या तीन निरोगी घोड्यांबाबत असे घडले असावे, असा माझा कयास आहे, पण तो तपासून पाहिल्याशिवाय लिहून टाकू नका.

यावर जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे अर्क काढणे. प्लाझ्मात तेवढेच एक टक्का ट्रायफ्लुओरोअ‍ॅसिटिक आम्ल मिसळावे, गाळ सेंट्रिफ्यूज करून काढून टाकावा, वरचा द्रव आधी ओला करून घेतलेल्या, पेप्टाइड धरून ठेवणाऱ्या सी-१८ च्या छोट्या स्तंभातून अगदी सावकाश जाऊ द्यावा, त्याच आम्लाने स्तंभ धुवावा आणि मग ६० टक्के अ‍ॅसिटोनायट्राइलने पेप्टाइड उतरवून घ्यावे. बाष्पीभवनाने द्रव उडवून चाचणीच्या बफरमध्ये ते पुन्हा विरघळवावे. मीठ, बहुतेक प्रथिने आणि एन्झाइम यांना यात निरोप मिळतो. किती पेप्टाइड परत मिळाले हे पाहण्यासाठी दोन-तीन नमुन्यांत माहीत असलेले प्रमाण आधीच मिसळून तेही याच वाटेने न्यावेत. ६० टक्के मिळाले तर ६० टक्के लिहावे. मुद्दा इतकाच की ते दर वेळी साधारण तेवढेच मिळाले पाहिजे. अर्क न काढता मोजलेल्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचे आकडे अर्क काढून मोजलेल्यांपेक्षा शंभर पटींनीही मोठे येतात आणि त्यावर संशोधकांत वर्षानुवर्षे वाद चालला आहे. तुमच्या प्रश्नाचे ते मोठे भावंड समजा.

पेप्टाइड भिंतींना चिकटते, हेही इथेच सांगतो. फार पातळ द्रावणात काच आणि काही प्लास्टिक पेप्टाइडचा मोठा भाग गिळून टाकतात, आणि डायनॉर्फिनसारख्या धनभारित पेप्टाइडाबाबत हा त्रास विशेष होतो. तुलनेसाठीची, माहीत मात्रेची प्रमाण द्रावणे साध्या पाण्यात कधीही बनवू नयेत. त्यात थोडे बोव्हाइन अल्ब्युमिन घालावे आणि पेप्टाइड कमी चिकटेल अशा नळ्या वापराव्यात. मी एकदा नव्या सहकाऱ्याला एकच द्रावण एका नळीतून दुसऱ्या नळीत, दुसरीतून तिसरीत असे पाच वेळा ओतायला सांगितले आणि प्रत्येक वेळी मोजायला लावले. पाचव्या नळीचा आकडा पाहून त्याने पुढे कधी घाईने नळ्या बदलल्या नाहीत. मेट-एन्केफॅलिन आणि सबस्टन्स पी या दोहोंच्या टोकाला मेथिओनिन आहे आणि ते हवेतल्या प्राणवायूने गंजते. गंजलेल्या रेणूचे वस्तुमान सोळाने वाढते आणि काही प्रतिपिंड त्याला ओळखेनासे होतात. म्हणून अर्क वाळवताना घाई करून उष्णता वाढवू नये.

मास स्पेक्ट्रोमीटरची बाजू अशी, की तो आडनाव नव्हे तर पूर्ण नाव विचारतो. द्रवरूप क्रोमॅटोग्राफीने पेप्टाइड वेगळे होते, विद्युत फवाऱ्यात त्याला भार मिळतो, ठरलेल्या वस्तुमानाचा आयन निवडला जातो, तो फोडला जातो आणि तुकड्यांची वस्तुमाने वाचली जातात. ल्यू-एन्केफॅलिनचा आयन ५५६.३ वर आणि मेट-एन्केफॅलिनचा ५७४.२ वर दिसतो. सबस्टन्स पी दोन किंवा तीन भार घेऊन ६७४.४ व ४४९.९ वर येते. पण तिथेही डोळे उघडे ठेवावे लागतात. दोन्ही एन्केफॅलिनची पहिली चार अमिनो आम्ले तीच असल्याने २७८.१ आणि ३९७.२ हे तुकडे दोघांचेही सारखेच येतात, म्हणून केवळ तुकडा पाहून नाव घेऊ नये. मूळ आयन, दोन तुकड्यांचे परस्परप्रमाण आणि स्तंभातून बाहेर येण्याची वेळ, ही तिन्ही जुळली पाहिजेत. अंतर्गत प्रमाण म्हणून, म्हणजे नमुन्यातच घातलेले तुलनेचे माप म्हणून, कार्बन-१३ व नायट्रोजन-१५ बसवलेले तेच पेप्टाइड नमुन्यात अगदी सुरुवातीला, अर्क काढण्यापूर्वी घालावे. अर्क काढल्यावर घातलेले प्रमाण वाटेतले नुकसान सांगत नाही.

एका प्रयोगशाळेत, तिचे नाव घेण्याचे कारण नाही, कोऱ्या नमुन्यांतही ल्यू-एन्केफॅलिन दिसू लागले होते. आठवडाभर सगळ्यांनी स्तंभ धुतले, द्रावक बदलले, एकमेकांवर संशय घेतला. शेवटी लक्षात आले की शेजारच्या यंत्रात वस्तुमान अचूक ठेवण्यासाठी ल्यू-एन्केफॅलिनचेच द्रावण वापरले जात होते आणि त्याची बाटली व आमचे प्रमाण द्रावण एकाच पिपेटने हाताळले जात होते. हे पेप्टाइड या कामासाठी जगभर वापरले जाते. तुम्ही नमुने बाहेर पाठवणार असाल तर तिथे त्याचा वापर होतो का, हे आधी विचारून घ्या.

बीटा-एन्डॉर्फिनसारख्या एकतीस अमिनो आम्लांच्या रेणूसाठी मास स्पेक्ट्रोमीटर एकटा पुरा पडत नाही. आधी प्रतिपिंड लावलेल्या मण्यांनी ते नमुन्यातून वेचून घ्यावे आणि मग यंत्रात द्यावे, ही मिश्र पद्धत मला सर्वांत समाधानकारक वाटते. घोड्याच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीत पूर्ण बीटा-एन्डॉर्फिनबरोबरच त्याचे शेपटी छाटलेले आणि पुढच्या टोकाला अ‍ॅसिटिल गट चढलेले रूपही असते. अ‍ॅसिटिल चढलेले रूप ओपिऑइड ग्राहकांवर काम करत नाही, पण मधल्या भागावर बसणारा प्रतिपिंड दोन्ही रूपे एकच समजतो. पिट्यूटरीच्या मधल्या खंडाचा बिघाड, म्हणजे पीपीआयडी, झालेल्या म्हाताऱ्या घोड्यात हीच रूपे रक्तात उसळतात. तुमच्या बारा घोड्यांत पंधरा वर्षांपुढच्या किती, हे तुम्ही लिहिलेले नाही. त्यांपैकी एखादीचे केस उन्हाळ्यातही लांब आणि कुरळे राहत असतील तर तिचा आकडा वेदनेचा नसून आजाराचा असू शकतो. याच कुटुंबातले एसीटीएच हे पिट्यूटरीचे संप्रेरक उत्तर गोलार्धात पावसाळ्याच्या अखेरीस आणि शरदात निरोगी घोड्यातही वाढते. अर्धे नमुने भाद्रपदात आणि अर्धे तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नसराईत घेतले, तर ऋतूचा फरक तुमच्या निष्कर्षात मिसळून जाईल. बीटा-एन्डॉर्फिन त्याच मूळ प्रथिनातून एसीटीएचबरोबर सुटत असल्याने तोच धोका त्यालाही आहे.

आता रक्त घेण्याच्या क्षणाकडे या. १९८४ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवले की घोड्याच्या वरच्या ओठाला दोरीचा फास लावून पिळला, ज्याला तबेल्यात ट्विच म्हणतात, तर प्लाझ्मातले बीटा-एन्डॉर्फिनसदृश द्रव्य वाढते. म्हणजे घोडी उभी राहावी म्हणून तुम्ही ट्विच लावली आणि मग बीटा-एन्डॉर्फिन मोजले, तर तुम्ही स्वतःच्या दोरीचे मापन केले. पळवणे, गाडीतून नेणे आणि बँडच्या गोंगाटात दोन तास उभे राहणे, यांचेही तसेच आहे. तुमच्या प्रयोगासाठी वरातीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, चारा देण्यापूर्वी, घोडीच्या ओळखीच्या माणसाने लगाम धरलेला असताना, मानेच्या शिरेतून रक्त घ्यावे. शक्य असल्यास आदल्या संध्याकाळी तिथे कॅन्युला बसवून ठेवावी. शामक औषध दिले असेल तर त्याचे नाव आणि वेळ लिहावी. हे सारे प्राणी नैतिकता समितीच्या मंजुरीच्या कागदात आधीच लिहिलेले असले पाहिजे, मागाहून जोडून चालत नाही.

कोणता द्रव घ्यावा, हा तुमचा खरा प्रश्न आहे, जरी तुम्ही तो तसा विचारलेला नाही. रक्तातले बीटा-एन्डॉर्फिन मुख्यतः पिट्यूटरीतून येते आणि मेंदूत काय चालले आहे याची खबर ते देत नाही, कारण रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ते सहजी ओलांडत नाही. मेंदूची खबर हवी तर मज्जारज्जूभोवतीचा द्रव घ्यावा लागतो. तो कटी आणि त्रिकास्थीच्या मधून उभ्या घोड्यातही काढता येतो, पण लंगडेपणाच्या अभ्यासासाठी निरोगी घोडीच्या पाठीत सुई घालण्याचे समर्थन मी करू शकत नाही. लाळ घेणे सोपे आहे, मात्र तिच्यात गवताचे तुकडे, श्लेष्मा आणि स्वतःची एन्झाइम असतात. मूत्रात बहुतांशी तुटलेले अवशेषच सापडतात. शिवाय घोड्याचे मूत्र कॅल्शियम कार्बोनेटाने गढूळ असते, त्यात आम्ल घालताच ते फसफसून नळीबाहेर येते, आणि ज्याने ते एकदा पाहिले तो पुढच्या वेळी मोठी नळी घेतो.

तुमच्या सहा लंगड्या घोड्यांसाठी योग्य द्रव सांध्यातला आहे. सबस्टन्स पी सांध्याच्या आवरणातल्या मज्जातंतूंच्या टोकांतून तिथेच सुटते, आणि सांधा झिजलेल्या घोड्यांच्या सांध्यातील द्रवात ते वाढलेले आढळले आहे. रक्तात पोहोचेपर्यंत ते पातळ होते आणि तुटते. पण या द्रवाचीही एक खोड आहे. तो हायल्युरोनिक आम्लामुळे चिकट असतो आणि त्यात आम्ल घातले की प्रथिनांसह घट्ट गोळा होतो. जुने वैद्य याच गोळ्यावरून सांध्याची स्थिती ओळखत असत. त्या गोळ्यात पेप्टाइड अडकून बसते. म्हणून प्लाझ्माची पद्धत जशीच्या तशी इथे चालत नाही. आधी द्रव निरोधकांसह गार बफरमध्ये पातळ करावा, जोरात सेंट्रिफ्यूज करावा, मग हळूहळू आम्ल द्यावे, आणि परत किती मिळते हे सांध्याच्या द्रवातच तपासावे. सुईबरोबर रक्त आले तर तो नमुना सोडून द्यावा.

पद्धत विश्वासार्ह म्हणण्यासाठी किती काटेकोरपणा पुरे, याबद्दल औषधनिर्मितीतले नियम आपल्याला हाताशी आहेत. २०२२ साली स्वीकारलेल्या आयसीएच (औषधांचे नियम जुळवणारी आंतरराष्ट्रीय परिषद) एम-१० मार्गदर्शिकेप्रमाणे क्रोमॅटोग्राफीच्या पद्धतींत माहीत असलेल्या प्रमाणापासून १५ टक्क्यांपर्यंत आणि सर्वांत खालच्या मर्यादेवर २० टक्क्यांपर्यंत विचलन चालते. प्रतिपिंडांच्या पद्धतींत हीच सूट २० आणि २५ टक्क्यांची आहे. तुम्हाला औषधाची परवानगी काढायची नसली तरी हे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत.

निकाल लिहिताना ‘सबस्टन्स पी इतके’ असे न लिहिता ‘सबस्टन्स पीसदृश प्रतिपिंड-प्रतिसाद इतका’ असे लिहावे, जोवर मास स्पेक्ट्रोमीटरने काही नमुन्यांत तरी दुजोरा दिलेला नाही. एककही जपून लिहावे. सबस्टन्स पीचा रेणुभार सुमारे १,३४८ आहे, म्हणून एक पिकोमोल प्रति लिटर म्हणजे सुमारे १.३५ पिकोग्रॅम प्रति मिली होते. बीटा-एन्डॉर्फिनमध्ये तोच एक पिकोमोल साधारण साडेतीन पिकोग्रॅम भरतो. शोधनिबंधांशी तुलना करताना तुमच्याकडून या गुणाकारातही चूक झाली आहे का, ते पाहून घ्या.

नवीन काही खरेदी करण्यापूर्वी एक छोटी चाचणी करा. त्या बारापैकी एका निरोगी घोडीचे ताजे रक्त गार ईडीटीए नळीत घ्या, प्लाझ्मा काढा आणि त्याचे तीन भाग करा. पहिला तसाच संचावर मोजा. दुसऱ्याचा अर्क काढून मोजा. तिसऱ्यात माहीत असलेले १०० पिकोग्रॅम सबस्टन्स पी मिसळा, अर्क काढा आणि मोजा. तिन्ही दुप्पट आणि चौपट पातळ करूनही मोजा. या सगळ्याला एका दिवसाचे काम आणि संचातल्या ताटलीतले थोडे खड्डे लागतील. त्या तीन नळ्यांचे आकडे मला कळवा, मग सांध्याच्या द्रवासाठी किती निरोधक घ्यायचे आणि कोणते नमुने मास स्पेक्ट्रोमीटरवर पाठवायचे ते ठरवू.